नगरची वाट समुद्राकडे



शाळेंत असतांना भूगोलाच्या पहिल्याच तासाला मी दरवर्षीं मुलांना एक प्रश्न घालीत असें : "आपल्या जिल्ह्याचें बंदर कोणतें?" मुलें एकमेकांकडे पाहून हसत. नगर जिल्हा पडला दुष्काळी पठारावर. जेथें उन्हाळ्यांत विहिरी तळ गांठतात तेथें बंदर कोठून येणार? माझें उत्तर ठरलेलें असे. आपला माल ज्या ठिकाणीं जहाजावर चढतो तें आपलें बंदर. मग तें शंभर कोस दूर कां असेना! आज हाच प्रश्न मी आपल्यापुढें मांडणार आहें. अहमदनगरचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें आहे. परंतु बोलतांना जुन्या संवयीनें माझ्या तोंडीं नुसतें 'नगर' येईल, त्याबद्दल आपण राग मानूं नये.

नगरला बंदर नव्हतें असा काळच नाहीं. निजामशाहीच्या अमदानींत कोंकण किनाऱ्यावरील चौल हें या राज्याचें बंदर होतें. त्याही पूर्वीं, सातवाहनांच्या काळीं, देशावरचा माल जुन्नरावरून नाणेघाटानें कल्याणास उतरत असे. त्या घाटांतील कोरीव लेख आणि माथ्यावरचा दगडी रांजण आजही त्याची साक्ष देतात. पुढें माळशेजच्या वाटेनेंही बैलांचे तांडे कोंकणांत उतरूं लागले. पण पावसाळा आला कीं घाट बंद, आणि घाट बंद म्हणजे व्यापार बंद.

आगगाडीनें ही स्थिति पालटली, पण नगरच्या वांट्याला ती उशिरां आली. मुंबई-ठाणें गाडी १८५३ सालीं धांवली, बोरघाट १८६३ सालीं आणि थळघाट १८६५ सालीं खुला झाला. एक लोहमार्ग पुण्यावरून सोलापुराकडे गेला, दुसरा नाशिकावरून खानदेशाकडे. नगर या दोन हातांच्या मध्यें रितेंच राहिलें. तशांत १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळी कामें काढणें सरकारला भाग पडलें, आणि त्यांतूनच धोंड-मनमाड मार्गाचें मातीकाम झालें. १८७८ सालीं हा मार्ग खुला झाला. आज आपण ज्या भरावावरून गाडींत बसून जातों तो आपल्याच पणज्या-खापरपणज्यांनीं अर्धपोटीं राहून घातलेला आहे, हें मी मुलांना मुद्दाम सांगत असें.

पुढें १८८० सालीं मुंबईस प्रिन्सेस डॉक बांधून झाला आणि १९१५ सालीं मुंबई बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाली. म्हणजे नगरच्या मालधक्क्यावर भरलेली वाघीण दाराचें कुलूप न उघडतां थेट गोदीपर्यंत जाऊं शकत होती. बंदर शंभर कोसांवर खरें, पण तें आपल्या धक्क्यापासूनच सुरू होत होतें.

माझ्या लहानपणीं, म्हणजे १९७० च्या सुमारास, मीं हा व्यवहार डोळ्यांनीं पाहिला आहे. वडिलांची थोडी बागाईत होती. बैलगाडींतून मोसंब्यांच्या करंड्या घेऊन आम्ही स्टेशनावर जात असूं. वजन होई, चिठ्ठी चिकटविली जाई, पावती मिळे. शेजारीं कोणाच्या गुळाच्या ढेपा, कोणाच्या कांद्याच्या गोणी. एकाचा माल दहा करंड्या, दुसऱ्याचा दोन. पण रेल्वे सर्वांचा माल घेई आणि त्याची मोट स्वतः बांधी. हें शेवटचें वाक्य आपण लक्षांत ठेवावें, कारण माझ्या सर्व भाषणाचें मर्म त्यांत आहे.

ऐंशीच्या दशकापासून रेल्वेनें किरकोळ माल आणि सुट्या वाघिणी घेणें कमी करीत आणलें, आणि संपूर्ण गाडी भरेल असाच माल पत्करण्याचें धोरण धरलें. कोळसा, सिमेंट, खत, धान्य यांना तें सोईचें होतें आणि रेल्वेच्या दृष्टीनें त्यांत शहाणपणही होतें. कारण एकेक वाघीण जोडण्या-तोडण्यांत दिवस जात. पण दहा करंड्यांचा मालक त्या हिशेबांतून गळला. त्याच सुमारास, १९८९ सालीं, न्हावाशेवा येथें नवें बंदर सुरू झालें आणि निर्यातीचा माल कंटेनरांत, म्हणजे मोठ्या लोखंडी पेटाऱ्यांत, जाऊं लागला. बंदर नवें झालें, पेटारे नवे झाले; मात्र नगरचा कांदा त्या पेटाऱ्यांपर्यंत रस्त्यानें जाऊं लागला. रूळ उखडले नाहींत, तरी संबंध तुटला.

या तुटीची किंमत कोण देतो? माझा एक जुना विद्यार्थी नेवासें तालुक्यांत कांदा पिकवतो. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें आणि त्याच्या शेजाऱ्यांनीं मिळून परदेशीं पाठविण्यासाठीं निवडक कांदा भरला. श्रावणांतले दिवस होते. घाटांत दरड कोसळली, गाडी दोन रात्री रस्त्यांत अडकली. जहाज सुटण्यापूर्वीं कांहीं तास त्या जहाजाच्या मालासाठीं बंदराचें दार बंद होतें. यांची गाडी पोंचली तेव्हां तें बंद झालेलें होतें. पुढच्या जहाजापर्यंत कांद्याला मोड आले आणि तो मिळेल त्या भावानें विकावा लागला. तो मला म्हणाला, "गुरुजी, भूगोलांत तुम्हीं मला बंदर शिकवलंत, पण तिथं जायचं कसं तें नाहीं सांगितलंत." त्या बोलण्यानें माझी झोंप उडाली. मी मॅट्रिकपलीकडे न शिकलेला मास्तर. पण त्या दिवसापासून या विषयाचा अभ्यास करीत आहें.

आज मार्गाची स्थिति पूर्वींपेक्षां पुष्कळ बरी आहे. दौंड-मनमाड मार्गावर वीज आली आहे. २०१६ सालीं मंजूर झालेलें त्याचें दुहेरीकरण टप्प्याटप्प्यानें पुरें होत आलें आहे. पूर्वीं पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचें इंजिन दौंडला फिरवून लावावें लागे. आतां जोडमार्ग झाल्यानें तो खोळंबा टळतो. नगर-बीड-परळी मार्गावर १७ सप्टेंबर २०२५ रोजीं बीडपर्यंत गाडी गेली. म्हणजे उद्यां मराठवाड्याचा मालही नगरच्या दारावरून जाऊं शकेल. समुद्राच्या बाजूला पालघर जिल्ह्यांत वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्यें झाली आहे. रूळ आहेत, वीज आहे, बंदरें आहेत. मग उणें काय आहे?

मास्तरकीच्या संवयीनें एक हिशेब घालतों. कंटेनरांच्या एका मालगाडीला साधारण ४५ वाघिणी असतात आणि तिच्यावर ४० फुटी ४५ पेटारे बसतात. एका पेटाऱ्यांत अदमासें २८ टन कांदा धरला तर गाडी भरण्यास सुमारें १२६० टन कांदा लागेल. एका ट्रॅक्टर-ट्रॉलींत तीन टन येतो असें धरल्यास झाल्या ४२० ट्रॉल्या. आतां एवढ्या ट्रॉल्या एकाच दिवशीं, एकाच प्रतीचा माल घेऊन, एकाच धक्क्यावर कोण आणणार? रेल्वे आणणार नाहीं, बंदर आणणार नाहीं. पूर्वीं जी मोट रेल्वे बांधीत होती ती आतां आपल्याला बांधावी लागणार आहे. उणें आहे तें एवढेंच.

या कामांतील अडचणी लपविण्याचा माझा हेतु नाहीं. पहिली अडचण अंतराची. नगरहून दौंड, पुणें, कर्जत, पनवेल असा न्हावाशेव्याचा मार्ग सुमारें ३०० किलोमीटर होतो. एवढ्या अंतराला ट्रकच स्वस्त पडतो असें व्यापारी सांगतात. कारण रेल्वेला माल शेतांतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून गाडींत असा दोनदां हाताळावा लागतो. दुसरी अडचण घाटाची. बोरघाटाचा चढ ३७ फुटांस एक फूट. रिकामे पेटारे वर आणतांनाही मागून जोडइंजिनें लावावीं लागतात. तिसरी अडचण या रिकाम्या पेटाऱ्यांचीच. ते नगरला रिकामे यावयाचे असतील तर त्या फेरीचा भुर्दंड अखेर शेतकऱ्याच्याच माथीं बसेल. आणि चौथी अडचण सरकारी धोरणाची. डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली ती मे २०२४ मध्यें उठली. असे पांच महिने गाडीनें काय वाहावें?

या प्रश्नांना उत्तरें नाहींत असें नाहीं. गाडी नुसत्या कांद्याच्या भरंवशावर ठेवूं नये. साखर आहे, डाळिंबें आहेत, नगर आणि सुपें येथील कारखान्यांचा माल आहे. त्याच कारखान्यांना लागणारा कच्चा माल उलट फेरींत भरून आणतां येईल. धक्क्यावरच थंड पेटाऱ्यांना विजेची जोडणी आणि जकात अधिकाऱ्यांच्या तपासणीची सोय झाली, तर बंदरांत जाणारा वेळ वांचेल. यालाच हल्लीं कोरडें बंदर म्हणतात. जालन्यास अशा बंदराची पायाभरणी २०१५ सालीं झाली. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गाडी ठरल्या वारीं सुटली पाहिजे. आठवड्यांतून एकच सुटो, पण भरली असो वा अर्धी असो, ती सुटणारच असा विश्वास हवा. बाजाराचा वार ठरलेला असतो म्हणूनच बाजार भरतो.

लहान मालाची मोट बांधतां येते, हें २०२० सालीं सुरू झालेल्या किसान रेल्वेनें दाखवून दिलें. तिला किमान मालाची अट नव्हती. आमच्या मार्गावरूनही ती गेली. परंतु तिचें निम्मे भाडें सरकारी सवलतींतून येत होतें. सवलत थांबली आणि गाडीही थांबली. मला त्यांतून एवढाच बोध घ्यावासा वाटतो, कीं उसन्या शिदोरीवर लांबचा प्रवास होत नाहीं. आपली शिदोरी आपणच बांधावयास हवी. आणि ती कशी बांधावी हें नगर जिल्ह्याला बाहेरून शिकविण्याची गरज नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरेकांठीं सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हां एकेका शेतकऱ्याचा ऊस एवढासाच होता. त्या लहान लहान उसांची मोट बांधली म्हणून १९५०-५१ च्या हंगामांत चरक फिरला. उसाच्या बाबतींत जें साधलें तें कांद्याच्या बाबतींत कां साधूं नये?

कोणी शहरवासी श्रोता म्हणेल, नगरचा कांदा परदेशीं गेला काय आणि न गेला काय, आम्हांला त्याचें काय? त्यांना माझें सांगणें असें, कीं जो धक्का बंदराचा माल भरील तोच आपल्या मंडईचाही माल भरील. शिवाय ज्या घाटरस्त्यांवरून आपण सुटीला मुलाबाळांसह जातां, त्याच रस्त्यांवर हे शेंकडों अवजड ट्रक रात्रंदिवस चालतात, आणि त्यांच्या चालकांनाही घरीं मुलेंबाळें आहेत.

सेवानिवृत्त झाल्यावरही कधींमधीं मी शाळेंत जातों. मध्यंतरीं एका वर्गांत पुन्हां तोच प्रश्न विचारला : आपल्या जिल्ह्याचें बंदर कोणतें? मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, स्टेशन." मुलें हसलीं. मी मात्र हसलों नाहीं. उत्तर अजून बरोबर नाहीं, पण तें बरोबर करणें आपल्या हातीं आहे. त्या मुलीला मीं पूर्ण गुण दिले आहेत. ते खोटे ठरूं नयेत, एवढीच आपणां सर्वांस विनंति करून मी आपली रजा घेतों.