भीतीचे चित्र आणि धीराचे चित्र

(सावरगाव, ता. पांढुर्णा येथे अनुबोधपटांच्या प्रदर्शनापूर्वी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एके काळी चित्रपटगृहात मुख्य चित्रपटापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट दाखविणे बंधनकारक होते. 1948 साली स्थापन झालेली ही संस्था 2022 साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. परंतु देवीची लस आणि कुटुंबनियोजन या गोष्टी कित्येकांना प्रथम त्या दहा-पंधरा मिनिटांतच समजल्या, हे विसरता येणार नाही. मादक द्रव्ये आणि एच.आय.व्ही. हा विषय मात्र लसीइतका सरळ नाही. लस टोचून घ्या, असे सांगता येते व लोक टोचून घेतात. 'व्यसन सोडा' असे सांगितल्याने मात्र व्यसन सुटत नाही. फार तर ते लपविले जाते.

प्रचाराचा सर्वांत सोपा मार्ग भीतीचा. 1987 साली ऑस्ट्रेलियात दूरदर्शन संचांवर एक छोटा पट दाखविण्यात आला. त्यात काळी कफनी पांघरलेला मृत्यू चेंडू फेकून उभ्या माणसांना, स्त्रियांना आणि बालकांना आडवे पाडीत होता. देशभर त्याची चर्चा झाली. परंतु पाहणाऱ्यांपैकी अनेकांना मृत्यूच्या ठिकाणी रोग न दिसता रोगी दिसू लागला, अशी टीका पुढे झाली व ती रास्त होती. गोव्यात 1989 साली डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला, तेव्हा त्याला तत्कालीन कायद्याच्या आधारे दोन महिन्यांहून अधिक काळ स्थानबद्ध करण्यात आले. असे वर्तमान कानी आल्यावर तपासणीस कोण पुढे येईल?

एच.आय.व्ही. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने अथवा एका विहिरीचे पाणी प्याल्याने पसरत नाही. सुईने नशा करणाऱ्यांत तो पसरतो तो एकच सुई अनेकांनी वापरल्यामुळे. पहिल्याचे जे थोडेसे रक्त सिरिंजमध्ये राहते, ते दुसऱ्याच्या शिरेत जाते. मणिपूरमध्ये 1989-90 च्या सुमारास हेच घडले. म्हणूनच, व्यसन आज सुटत नसेल तर निदान त्यापायी जीव जाऊ नये, या हेतूने वापरलेली सुई परत घेऊन निर्जंतुक सुई द्यावी, असा विचार पुढे आला. याला हानी-न्यूनीकरण म्हणतात. अ‍ॅमस्टरडॅम शहरात 1984 साली असे केंद्र निघाले, ते कावीळ रोखण्यासाठी आणि खुद्द व्यसनी मंडळींच्या संघटनेच्या आग्रहावरून.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, सुई देणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन देणे होय. या आक्षेपाचे उत्तर सावरगावकरांना दूर शोधावे लागणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा फडकतो आणि सावरगाव व पांढुर्णा यांच्यामध्ये गोटमार होते. आजवर त्यात माणसे दगावली आहेत, अनेकांना कायमचे अपंगत्व आले आहे. शासनाने मनाई करून पाहिली. दगडांऐवजी रबरी चेंडूही पुरवून पाहिले, ते लोकांनी स्वीकारले नाहीत. तरीही त्या दिवशी काठावर डॉक्टर असतात, रुग्णवाहिका असतात, दारूची दुकाने बंद ठेवली जातात. डॉक्टर बसविल्यामुळे गोटमारीला उत्तेजन मिळते, असे दोन्ही काठांवर कोणी म्हणत नाही. जखमीची जखम आधी बांधली जाते. दगड कोणी मारला, का मारला, हे नंतर. रबरी चेंडूंची हकीकतही बोधप्रद आहे. पर्याय वरून लादला की तो पडून राहतो. गर्द वा अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनावर जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जाते. परंतु तीही रुग्ण आपल्या पायांनी केंद्रात येतो तेव्हाच लागू पडते.

नेटी वाइल्ड या कॅनेडियन दिग्दर्शिकेचा 'फिक्स' (2002) हा अनुबोधपट या दृष्टीने मोलाचा आहे. व्हँकूव्हर शहरातील व्यसनी लोक संघटित होऊन सुरक्षित केंद्राची मागणी करतात आणि फिलिप ओवेन हे पुराणमतवादी महापौर त्यांच्या बाजूने उभे राहतात. याची किंमत म्हणून महापौरांना स्वपक्षाची उमेदवारी गमवावी लागली. सप्टेंबर 2003 मध्ये तेथे केंद्र सुरू झाले. या पटात व्यसनी माणूस सभेत बोलतो, चिडतो, हसतो. तो कवटीचे चित्र होत नाही. डिलन मोहन ग्रे यांचा 'फायर इन द ब्लड' (2013) पाहताना तर मराठी माणसाला मुंबईच भेटते. जी औषधे वर्षाला दहा हजार डॉलरांहून महाग होती, ती सिप्ला या मुंबईच्या कंपनीने 2001 साली सुमारे 350 डॉलरांत देऊ केली. भारतात शासकीय केंद्रांतून ही औषधे 2004 पासून विनामूल्य मिळतात.

महाराष्ट्रात धीर देण्याचे हे काम आधीपासून चालत आले आहे. गर्दच्या आहारी गेलेल्या तरुणांवर अनिल अवचट यांनी लिहिले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 1986 साली पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी तेथे रुग्णाला गुन्हेगार मानले नाही. कायदा तेथवर पोहोचायला बराच काळ गेला. 2017 चा एच.आय.व्ही. व एड्स अधिनियम 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. या अधिनियमाने संसर्गाचा धोका कमी करण्याच्या उपायांना, निर्जंतुक सुई पुरविण्यालासुद्धा, संरक्षण दिले आणि रुग्णाशी भेदभाव करण्यास मनाई केली.

राहिला प्रश्न दाखविण्याच्या पद्धतीचा. परदेशी पट जसाच्या तसा लावला तर निम्मा श्रोता निवेदनापाशीच अडतो. म्हणून या भागात बोलल्या जाणाऱ्या मराठीत कोणीतरी मधून मधून समजावून सांगावे. चौकातील मोठ्या सभेत ज्याला विचारायचे असते तोच गप्प बसतो. तेव्हा लहान बैठका घ्याव्यात, स्त्रियांसाठी निराळी वेळ ठेवावी, आरोग्य कर्मचारी हजर असावा आणि कोणाचेही नाव विचारू नये. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा 1097 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक बहुतेक पटांत अखेरीस क्षणभर चमकून जातो. तो पडद्यावर निदान एक मिनिट राहू द्यावा, म्हणजे मागच्या रांगेत बसलेल्याला कोणाच्या लक्षात न येता टिपून घेता येईल.