सुट्टीतील दिवसाची आखणी

(पंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे शाळेची जबाबदारी काही आठवड्यांपुरती थांबते. घराची मात्र दुप्पट होते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असे ठरवून दिले आहे. ही किमान मर्यादा धरली तर वर्षातील १४५ ते १६५ दिवस मूल घरीच असते. त्यांतील सर्वांत मोठा सलग काळ ऐन वैशाखात येतो. नेमक्या त्याच काळात शेतीची पूर्वमशागत, लग्नसराई, पाण्याची टंचाई आणि मजुरीची कामे यांनी घरातील वडील माणसे गुंतलेली असतात. ऊसतोडणीला गेलेली कुटुंबेही हंगाम संपवून याच सुमारास गावी परततात. अशा वेळी मुलाचा दिवस कसा जातो, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

या बाबतीत दोन टोके दिसून येतात. शिकलेल्या घरांतून मुलासाठी तासांचे कोष्टक आखले जाते : सकाळी गणित, मग इंग्रजी, मग छंदवर्ग. हे कोष्टक आठवडाभरही टिकत नाही. टिकले तर मूल टिकत नाही. दुसरीकडे, दिवसाला काहीच आकार नसतो. रात्री बारापर्यंत जागरण, सकाळी दहाला उठणे, भर उन्हात भटकणे आणि उरलेला वेळ हातात मोबाईल. जनावराला खुंटा असतो आणि दावे लांब असते, म्हणून ते चरूही शकते आणि हरवतही नाही. मुलाच्या दिवसाची आखणी काहीशी अशीच असावी. तीनचार खुंटे पक्के रोवावेत आणि मधले दावे सैल सोडावे.

हे खुंटे घड्याळाचे असण्याची गरज नाही. ज्या घरात आईला कामावर जाण्याची वेळ रोज बदलते, तेथे ‘सात वाजता’ या शब्दांना फारसा अर्थ नसतो. ‘धार काढून झाल्यावर’, ‘जेवणे आटोपल्यावर’, ‘उन्हे उतरल्यावर’, ‘दिवेलागणीला’ ही परिमाणे मुलाला अधिक कळतात आणि ती पाळलीही जातात. सकाळच्या गारव्यात अंगमेहनतीची कामे व खेळ, दुपारी सावली व विसावा, सायंकाळी पुन्हा मोकळे मैदान आणि रात्री ठरलेल्या सुमारास अंथरूण, एवढे चार खुंटे बहुतेक घरांना पुरतात. पाहुणे आले, वऱ्हाडात जावे लागले, तर एखादा खुंटा उपटला जाईल. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रोवता येतो. लवचीकपणा म्हणतात तो हाच.

मुलाच्या जगण्याप्रमाणे शिक्षणाला वाकवण्याचा पाठ महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली आणि ‘कुरणशाळा’ उभी राहिली. लहान मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, हाही त्यांचाच विचार. सुट्टीतील दिवस आखणाऱ्या पालकाने आणि त्याला सल्ला देणाऱ्या शिक्षकाने प्रथम हेच पाहावे की, त्या घराचा दिवस मुळात कसा चालतो.

दुपारचा खुंटा सर्वांत महत्त्वाचा आणि रोवायला सर्वांत कठीण. विदर्भात व मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी बारा ते चार या वेळात मुलाने घरात राहावे असे सांगणे सोपे आहे. परंतु ज्याचे घर पत्र्याचे आहे त्याने काय करावे? पत्र्याखालची खोली अनेकदा बाहेरच्या निंबाच्या सावलीहून अधिक तापते. अशा वस्तीसाठी शाळेची ओसरी, देवळाचा सभामंडप किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह दुपारी उघडे ठेवणे, तेथे पाण्याचे दोन माठ भरणे आणि एका वडील माणसाची पाळी लावणे ही पंचायतीची जबाबदारी मानली पाहिजे. त्यासाठी स्वतंत्र योजना लागत नाही. किल्ली कोणाकडे असावी एवढेच ठरवावे लागते, आणि पुष्कळदा सारे अडते ते तेथेच.

त्या ओसरीवर मुलांनी काय करावे, याची फार चिंता नको. सागरगोटे, काचापाणी, भेंड्या, गोष्टी ही दुपारची जुनीच करमणूक आहे. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. शाळेच्या कपाटातील पुस्तके सुट्टीत कुलूपबंद ठेवण्याऐवजी एका पेटीत घालून बाहेर काढावीत. चार पुस्तके फाटतील. न वाचता वाळवीने खाण्यापेक्षा ते बरे. मोबाईलचेही तसेच आहे. त्याला संपूर्ण बंदी घातली की तो चोरून पाहिला जातो. त्याची जागा ठरवावी, म्हणजे दुपारी अमुक वेळ आणि अंथरुणात मुळीच नाही. मात्र दोन वर्षांखालील बालकाला पडद्यापासून दूरच ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. रडणाऱ्या तान्ह्यापुढे मोबाईल धरण्याची सवय आता खेड्यांतही पोहोचली असल्याने हे मुद्दाम सांगावे लागते.

आता पाण्याविषयी. सुट्टी, ऊन आणि देखरेख नसलेली दुपार यांची गाठ पडली की मुले पाण्याकडे वळतात, आणि दर उन्हाळ्यात काही घरांतून मूल परत येत नाही. पूर्वी विहिरीवर पोहणे शिकवले जाई ते पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून, काठावर पट्टीचा पोहणारा उभा करून. विहिरीला पायऱ्या असत, कपारी असत, हाताला धरायला काही सापडे. आज गावोगावी झालेल्या शेततळ्यांचे तसे नाही. अस्तरासाठी घातलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरले, की त्या उतारावर पाय ठरत नाही. चांगला पोहणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही. वाचवायला उतरलेला दुसराही आत अडकतो. म्हणून प्रत्येक शेततळ्याला कुंपण असावे, चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर खुंटांना बांधून पाण्यापर्यंत सोडलेले असावेत आणि काठावर हवा भरलेली ट्यूब असावी. हा खर्च तळ्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. ग्रामसेवक व सदस्य यांनी सुट्टी लागण्यापूर्वीच आपल्या हद्दीतील तळी एकदा फिरून पाहावीत. मुलांना ‘जाऊ नका’ म्हणण्याबरोबरच सकाळी वडील माणसाच्या नजरेखाली पोहायची एक सुरक्षित जागा दाखवून द्यावी. नुसती मनाई उन्हाळ्यात टिकत नाही.

घरकामाचा प्रश्नही टाळता येणार नाही. कुरडया-पापड घालणे, चिंचा फोडणे, बी-बियाणे निवडणे यांत मूल पुष्कळ शिकते. २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा बालमजुरीविषयक कायदाही शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत कुटुंबाला, धोक्याचे नसलेल्या कामात, मदत करू देतो. परंतु मदत आणि मजुरी यांतील रेघ घरातच पुसली जाते, आणि ती बहुधा मुलीच्या बाबतीत पुसली जाते. भाऊ सूरपारंब्या खेळत असतो तेव्हा बहीण तिसरी खेप घेऊन टाकीवर उभी असते; धाकटे भावंड तिच्याच कडेवर असते. तिच्या दिवसात सैल दावे कोठेच नसते. आखणी करताना कामे दोघांत वाटावीत आणि सायंकाळचा खेळ मुलीलाही मिळावा. शिक्षकाने सुट्टीपूर्वीच्या पालकसभेत ही गोष्ट नाव न घेता, पण स्पष्ट शब्दांत मांडावी.

ज्या घरात शाळेतील भोजन हेच मुलाचे दुपारचे मुख्य जेवण असते, तेथे सुट्टी म्हणजे एका जेवणाची तूट. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही हे भोजन द्यावे, असा आदेश दिला होता. टंचाई जाहीर झालेल्या तालुक्यांतील अधिकाऱ्यांनी त्याची तरतूद एप्रिलमध्येच पाहावी. मे उजाडल्यावर धान्य पोहोचत नाही.

राहता राहिला शेवटचा आठवडा. बहुतेक भागांत शाळा जूनच्या मध्यास उघडते, विदर्भात उन्हामुळे काहीशी उशिरा. सुट्टीत लांबलेली झोप एका रात्रीत मागे येत नाही. शाळा उघडण्याच्या आठदहा दिवस आधीपासून रोज पाव तास लवकर अंथरूण घालावे आणि त्याच मानाने सकाळी लवकर उठवावे. दप्तर, पाटी, गणवेश यांची तपासणी याच दिवसांत मुलाकडूनच करून घ्यावी. काय हवे, काय गेल्या वर्षीचे चालेल, हे त्याला बरोबर ठाऊक असते.