नाव कोणाच्या यादीत?



अध्यक्षाने सुरुवातीलाच 'मी या पदाला पात्र नाही' असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मी ती मोडतो. उरणच्या या मंडपात बसलेल्या पोरांना जे विचारायचं आहे, ते मीही चाळीस वर्षांपूर्वी विचारलं होतं. विचारलं मात्र चुकीच्या माणसाला. आजच्या खुर्चीसाठी तेवढी पात्रता पुरे.

सकाळपासून सात जणांनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "काका, ओएनजीसीत काम कसं मिळतं?" फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' रिगला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, पुढे समुद्रातल्या पाइपलाइनी आपल्या उरणला येऊन टेकल्या. तेव्हापासून ओएनजीसी हे आपल्याकडे कंपनीचं नाव राहिलेलं नाही, ते गावाचं नाव झालंय. "पोरगा ओएनजीसीत आहे" म्हणजे पोरगा समुद्रात आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण प्लॅटफॉर्मवरच्या मेसमध्ये जेवायला बसा आणि शेजारच्याला विचारा. वाढणारा केटरिंगच्या ठेकेदाराचा. रंगकाम करणारे दुसऱ्याचे. मचाण बांधणारे तिसऱ्याचे, आणि त्यांतले दोघं त्या तिसऱ्यानेही चौथ्याकडून आणलेले. कपड्यांवरचा लोगो वेगळा, पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव वेगळं. म्हणून 'काम कसं मिळतं' याच्या आधी 'माझं नाव कोणाच्या यादीत लागणार' हे विचारायला शिका. मला आज एवढंच सांगायचंय, बाकीचा पाल्हाळ आहे.

इंजिनिअर मुलांची वाट त्यातल्या त्यात सरळ. परीक्षा, मुलाखत, गुणवत्ता यादी. त्यात माझ्यासारख्याने सांगावं असं काही नाही. आयटीआयवाल्यांना शिकाऊ उमेदवारी मिळते, ती १९६१ च्या कायद्याखाली. वर्षाच्या शेवटी नोकरी द्यायलाच हवी असं तो कायदा म्हणत नाही, हे आधीच ऐकून ठेवा, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. तरीही जा. व्हॉल्व्ह पुस्तकात पाहणं वेगळं, आणि उघडून, साफ करून, पुन्हा बसवल्यावर तो गळत नाही हे पाहणं वेगळं.

आता माझा धंदा, वेल्डिंग. इथे थोडा रेंगाळणार आहे, घड्याळ बघू नका. आमच्यात 'सिक्स-जी' नावाची परीक्षा असते. पाइपचे दोन तुकडे ४५ अंशांत तिरके पकडून ठेवतात. पाइप फिरवायचा नाही, वेल्डरने स्वतः फिरायचं. खाली झोपून, मान मुरगाळून, डाव्या बगलेतून हात घालून. पहिला थर, म्हणजे रूट, बसला नाही तर वरून कितीही सुंदर फिनिशिंग करा, एक्स-रेमध्ये पोकळी काळी दिसते. मग तुकडा कापून वाकवतात. चीर पडली की विषय संपला. या परीक्षेला वशिला चालत नाही. आमदाराची चिठ्ठी पाइपला वाचता येत नाही. मी पहिल्यांदा नापास झालो तेव्हा परीक्षकाने नुसता तुकडा माझ्या हातात ठेवला, बोलला काही नाही. तो तुकडा अजून घरी आहे, दार अडवायला वापरतो.

जाता जाता भाषेचं. आम्ही परमिट म्हणतो, शटडाऊन म्हणतो, ड्रिलिंगच्या मुकादमाला टूलपुशर म्हणतो. त्यांना कोणी मराठी प्रतिशब्द घडवले असतील तर ते डेकपर्यंत पोचलेले नाहीत. त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं, की परमिटचा कागद इंग्रजीत असतो आणि आपला पोरगा न वाचता सही करतो. वायूच्या लाइनवर काम करताना काय बंद केलंय आणि काय चालू आहे, ते त्या कागदावर असतं.

आता सुरुवातीला म्हटलं त्या चुकीच्या माणसाची गोष्ट. आखातात वेल्डर पाहिजेत म्हणून मुंबईतल्या एका एजंटकडे गेलो. वडिलांनी होडीचं इंजिन विकून पैसे दिले. पावती मागितली तर एजंट हसला. तिथे उतरल्यावर कळलं, की अरबी कागदावर मी वेल्डर नव्हतोच, साधा कामगार होतो. दोन वर्षं मचाणाचे पाइप वाहिले. हातात कसब होतं, पण नाव चुकीच्या यादीत होतं. आज तुमच्याकडे निदान पडताळायची सोय आहे. एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते. 'आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून घेऊ' म्हणणारा भेटला तर चहासुद्धा त्याच्या पैशाने पिऊ नका.

समुद्रातल्या ठेक्याच्या कामाला हंगाम असतो, हे कोळ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको. पावसाळा उतरला की बांधकामाच्या बार्ज निघतात, मे संपता संपता परततात. त्यामुळे मे महिन्यात घाई असते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाली. ती राहायची बार्ज होती, स्वतःचं इंजिन नसलेली, नांगरांच्या भरवशावर उभी. नांगर सुटले. २६१ माणसं होती; सत्तरहून अधिक गेली. कित्येकांची ओळख डीएनएवरून पटवावी लागली. त्या आठवड्यात मी ओळखीच्या एका घरी बसलो होतो. बार्जवरच्या पोराची आई मला म्हणाली, "ओएनजीसीत फोन लावा." पोरगा ओएनजीसीच्या यादीत नव्हताच. ठेकेदाराचं नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मुकादमाचा नंबर पोराच्या मोबाइलमध्ये होता, आणि मोबाइल त्याच्याजवळ होता. पोरगा वाचला, तिसऱ्या दिवशी त्यानेच दुसऱ्याच्या फोनवरून कळवलं. ते तीन दिवस मी त्या घरात पाहिलेत.

त्याआधी २७ जुलै २००५. आदल्याच दिवशी मुंबई पाण्याखाली गेली होती. बोटीवरच्या एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली, त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवताना बोट राइझरवर, म्हणजे समुद्रतळातून वायू वर आणणाऱ्या पाइपवर, आदळली, वायू सुटला, पेटला. दोन-एक तासांत प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. २२ माणसं गेली, साडेतीनशेहून अधिक वाचली. हे घाबरवायला सांगत नाही, शिकून जा म्हणून सांगतो. प्लॅटफॉर्मवर नेणारं हेलिकॉप्टर पाण्यात उलटलं तर बाहेर कसं यायचं, हे गोव्यात बेतूलच्या प्रशिक्षण संस्थेत तलावात बुडवून शिकवतात. पट्टा सोडायच्या आधी एका हाताने खिडकी धरून ठेवायची. तो कोर्स न करता नुसतं सर्टिफिकेट विकत घेणारे इथे बसले असतील. मी नावं घेत नाही, पण पोहता येतं का, एवढं त्यांनी रात्री स्वतःला विचारावं.

प्लॅटफॉर्मवर उतरलात की पहिल्यांदा कार्ड अडकवायची पाटी दिसेल. तुमचं नाव, खोली, लाइफबोटीचा नंबर. मस्टरचा, म्हणजे सगळ्यांनी जमायचा, भोंगा वाजला की त्या पाटीवरून माणसं मोजतात. तिथे कायम आणि ठेक्याचा असा फरक नसतो, नाव असतं किंवा नसतं. कार्ड दुसऱ्याला लावायला सांगू नका. स्वतः लावा आणि लाइफबोट कुठल्या बाजूला आहे ते चालत जाऊन बघून या, मग जेवायला बसा. घरीही एक कागद भिंतीवर चिकटवा: ठेकेदार कोण, त्याच्या वर कोण, बार्ज कुठली, फोन कोणता.

आयोजक मघापासून घड्याळ दाखवतायत. जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्याकडे ऑफर लेटर आलंय त्यांनी ते घेऊन या, झेरॉक्स नको, मूळ कागद. ओळ न् ओळ सोबत वाचू. चष्मा मी आणलाय.