रोशाचा वास आणि आपला हिशेब

(वनहक्क आणि स्त्रिया या विषयावरील शिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)



साबणाला गुलाबाचा वास येतो, तो बहुतेकदा गुलाबाचा नसतोच. असा वास देणारं एक गवत आपल्या खानदेशात डोंगरउतारावर आपोआप उगवतं. ते म्हणजे रोशा. इंग्रजी अमदानीत रोशाचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथं महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई.

पावसाळा सरताना रोशाला तुरे येतात. तेल मुख्यतः तुऱ्यांत आणि पानांत. गवत कापायचं, भारे वाहायचे, पाण्याबरोबर भट्टीत भरून जाळ लावायचा. वाफ तेल घेऊन नळीतून जाते, गार होते आणि तेल पाण्यावर तरंगतं. शंभर किलो ओल्या गवतामागे तेल साधारण अर्धा किलो!

हे तेल साबणात, अत्तरात जातं. सांधे दुखले तर गोड्या तेलात थेंबभर मिसळून चोळतात. पण झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, असं समजू नका. असली तेलं नुसती अंगाला लावू नयेत, पोटात घेऊ नयेत. निलगिरीचं तेल लहान मूल चमचाभर प्यालं, तरी त्याला झटके येऊ शकतात.

आता हिशेबाचं बोलू. भारा आपल्या डोक्यावर. पण भट्टी कुणाची? तराजू कुणाच्या हातात? तेलाचा भाव आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. 2012 च्या सुधारित नियमांनी तर गावातच त्यावर प्रक्रिया करणं आणि माल बाहेर नेणं हेही त्या हक्कात धरलं. म्हणजे गवत कापायचाच नाही, तर भट्टी लावायचाही हक्क आपला आहे. याच नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात.

पण नुसतं हजर राहून, मागं बसून, अंगठा देऊन भागणार नाही. रोशाचा विषय ग्रामसभेत आपणच मांडायचा. दोन-तीन बचत गटांनी मिळून भट्टीचा खर्च काढायचा. किती भारे आले, किती तेल निघालं, काय भावानं गेलं, हे वहीत आपल्याच हातानं लिहायचं.

वास दूरवर जाऊ दे. त्याचा मोबदला मात्र कापणारणीच्या हातात पडला पाहिजे.