लेआउटमधली मोकळी जागा

वाळूजच्या आजूबाजूला शेतं गेली, प्लॉट पडले, घरं उठली. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. नकाशावर ती असते. जमिनीवर मात्र आधी विटा-वाळू पडते, मग टपरी येते. म्हणून आम्ही गटातल्या बायका मंजूर नकाशाची प्रत मागतो, जागा पावलांनी मोजतो. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. तिथेच ठरवा: उन्हाळ्यात सकाळी वाळवण, दुपारनंतर पोरांचा खेळ, संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना कट्टा. वाळवणाचं आधी बोला, पुरुष मंडळी तेच विसरतात! लिंब लावला तर पाणी कोण घालणार? तिचं नाव लिहा. आणि ठराव रजिस्टरवर चढलाय का, हे वाचूनच सही करा.