पायांचा ताल आणि यंत्राचा निवाडा



आमच्या वरुडचें नांव निघालें कीं संत्र्यांची आठवण होते. पण आज मला फळांविषयीं नव्हे, पायांविषयीं बोलावयाचें आहे. गेल्या दिवाळींत माझी भाची मला व तिच्या आईला शहरांतील एका खेळगृहांत घेऊन गेली. तेथें एका यंत्रापुढें जमिनीवर पांच चौकटी होत्या आणि समोरच्या पडद्यावर बाणांची रांग वर चढत होती. “मामा, चढा ना!” ती म्हणाली. मी चढलों, आणि मिनिटभरांत यंत्रानें मला नापास केलें.

या खेळाची कीर्ति जपानांतून पसरली. तेथील कोनामी कंपनीनें १९९८ सालीं ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ काढला. त्यांत पुढें, मागें, डावीकडे व उजवीकडे असे चार बाण असतात. पुढल्याच वर्षीं कोरियांतील अँडामिरो कंपनीचा ‘पंप इट अप’ आला. त्यांत चार बाण कोपऱ्यांत व पांचवी चौकट मध्यें. मी ज्यावर चढलों तो हाच. गाणें सुरू होतें, बाण खालून वर सरकतात, आणि वर आंखलेल्या खुणेशीं बाण जुळतांक्षणीं त्या चौकटीवर पाऊल पडावें लागतें. पाऊल किती अचूक पडलें हें यंत्र सेकंदाच्या शतांशांत मोजतें. चुका सांचल्या कीं डाव संपला!

मी कां हरलों तें भाचीनें सांगितलें. “तुम्ही नुसते बाण पाहत होतां, मामा. बाण वाचायचे, पण पाय गाण्यावर टाकायचे.” हें आपल्याकडे नवें नाहीं. कथ्थक शिकणारा तत्कार करतांना ठाय, दुगुन, चौगुन अशी लय चढवितो आणि नेमका समेवर येतो. तो मात्रा मनांत मोजतो, पण पाय तबल्याबरोबर चालतात. डोळ्यांनीं ताल धरूं जाणाऱ्याचें पाऊल नेहमीं उशिरानेंच पडतें.

आपल्या वऱ्हाडांत तरी पायांचे खेळ कमी होते काय? भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचीं गाणीं, फुगडी, झिम्मा, दिंडींतील पावली, हें सारें पायांनींच चाले. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्यें स्थापन झालें, आणि १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या पथकानें देशी खेळ जगाला दाखविले.

मग यंत्र कशाला, असें आपण म्हणाल. मीही तेंच म्हणणार होतों. पण त्या दिवशीं माझें लक्ष ताईकडे गेलें. ती लेकीची पिशवी मांडीवर घेऊन बांकावर बसली होती. लहानपणीं आमच्या आळींत तिच्यासारखी फुगडी कोणी घालीत नसे. ती तेरा वर्षांची झाली आणि घरच्यांनीं सांगितलें, मोठ्या मुलीनें अंगणांत पाय आपटूं नयेत. त्या निवाड्यावर दाद मागण्याची सोय नव्हती. मीही तेव्हां गप्प बसलों, हें कबूल केलें पाहिजे.

यंत्राचे दोष उघड आहेत. तें दर डावाचे पैसे घेतें, आणि अंगणांतला परस्परांच्या हाताचा आधार त्यांत नाहीं. पण पाऊल मुलीचें कीं मुलाचें, बारा वर्षांचें कीं पन्नास वर्षांचें, हें तें विचारीत नाहीं. वेळेवर पडलें कीं नाहीं एवढेंच पाहतें. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यानें २००६ सालीं हा खेळ आपल्या सरकारी शाळांतून नेण्याचें जाहीर केलें, तेंही मैदानी खेळांत न रमणाऱ्या मुलांनीं हालचाल करावी म्हणून.

भाचीनें हात धरून ताईला वर ओढलें. पहिला डाव ती हरली. दुसऱ्या डावांत तिनें पडद्याकडे पाहणें जवळजवळ सोडलें, आणि गाणें अखेरपर्यंत गेलें. खालीं उतरल्यावर ती धापा टाकीत म्हणाली, “गुडघे दुखताहेत रे, पण आणखी एक खेळूं.”

असें यंत्र प्रत्येक गांवीं येणार नाहीं, आणि न आलें तरी कांहीं अडणार नाहीं. अंगण मात्र घरोघर आहे. येत्या कोजागिरीला तेथें कोणाचे पाय थांबवावयाचे, हा निवाडा आपण पुन्हां एकदां तपासून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.