तोगो शिच्चो शो : आजाराचे नाव आणि औषधाची मात्रा

‘छिन्नमनस्कता’ या मराठी शब्दाचा जो अर्थ, नेमक्या त्याच अर्थाचा शब्द जपानमध्ये 65 वर्षे रूढ होता. ‘सेइशिन बुन्रेत्सु ब्यो’, म्हणजे मन दुभंगण्याचा आजार. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घडवला. जपानी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1937 मध्ये त्याचे हे शब्दशः भाषांतर स्वीकारले. विचार, भावना आणि वर्तन यांची आपसातली गाठ सुटते, असे ब्लॉयलर यांना म्हणायचे होते. भाषांतरात मात्र अख्खा माणूसच फाटला.

या शब्दाला जपानमध्ये आधीच एक काळी पार्श्वभूमी होती. 1900 च्या कायद्याने मनोरुग्णाला घरातच कोंडून ठेवण्याची जबाबदारी कुटुंबावर टाकली होती. त्यासाठी सरकारी परवानगीही मिळे. टोकियोचे प्राध्यापक कुरे शूझो यांनी सहकाऱ्यांना गावोगाव पाठवून अशा तीनशेहून अधिक कोठड्यांची पाहणी करवली आणि 1918 मध्ये नकाशे-छायाचित्रांसह अहवाल छापला. तरीही ही कोंडणूक कायद्याने बंद व्हायला 1950 उजाडले, आणि अमेरिकी अमलाखालच्या ओकिनावात तर 1972. पुढे कोठडीची जागा इस्पितळाने घेतली. 1964 मध्ये अमेरिकी राजदूत एडविन रायशॉवर यांच्यावर एका मनोरुग्ण तरुणाने चाकूहल्ला केला, तेव्हा कल आणखीच बंदोबस्ताकडे झुकला. आजही जपानमध्ये मनोरुग्णांसाठी तीन लाखांहून अधिक खाटा आहेत, आणि तिथल्या मुक्कामाची सरासरी आठ-नऊ महिन्यांच्या घरात आहे.

अशा देशात निदानाचे नाव उच्चारणे म्हणजे शिक्षा सुनावण्यासारखेच होते. डॉक्टर रुग्णाला ‘नसांचा थकवा’ असे काहीतरी सांगून वेळ मारून नेत. आजार कोणता हेच ठाऊक नसलेला माणूस गोळ्या वर्षानुवर्षे का घेईल? रुग्णांच्या कुटुंबीयांच्या राष्ट्रीय महासंघाने 1993 मध्ये नाव बदलण्याची मागणी केली. नऊ वर्षांच्या खलानंतर, ऑगस्ट 2002 मध्ये, योकोहामाला भरलेल्या जागतिक मानसोपचार परिषदेच्या वेळी नवे नाव जाहीर झाले : ‘तोगो शिच्चो शो’. तोगो म्हणजे एकसंधपणा, शिच्चो म्हणजे ताळमेळ बिघडणे. बिघडलेला ताळमेळ पुन्हा बसू शकतो. दुभंगलेल्या वस्तूला फार तर सांधा बसतो. त्याआधी सुमारे 37 टक्के रुग्णांनाच निदान सांगितले जात असे. तीन वर्षांत हे प्रमाण 70 टक्क्यांवर गेले. दोन वर्षांनी, 2004 मध्ये, स्मृतिभ्रंशासाठी वापरला जाणारा ‘मूर्खपणा’ सूचित करणारा जुना शब्दही सरकारने काढून टाकला.

नाव बदलले म्हणून औषधयोजना लगेच सुधारली असे मात्र नाही. भास आणि भ्रम आटोक्यात आणणारे पहिले औषध, क्लोरप्रोमाझिन, 1952 मध्ये पॅरिसमध्ये वापरात आले आणि 1955 मध्ये जपानमध्ये पोहोचले. या प्रकारची औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर) अडवतात. साधारण दोन-तृतीयांश ग्राहक अडले की गुण येतो. 80 टक्क्यांच्या पुढे गुण वाढत नाही, वाढतात ते हातांचा कंप, अंग ताठरणे, चेहरा निर्विकार होणे. तरी जपानी इस्पितळांत एकाच रुग्णाला अशी तीन-चार औषधे एकदम देण्याची चाल दीर्घकाळ टिकली. उलट, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी असलेल्या क्लोझापिनला जपानने 2009 मध्ये मान्यता दिली. भारतात ते 1990 च्या दशकापासून मिळते. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून नियमित रक्ततपासणी अनिवार्य असते. जपानची ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. शेजारी तीन-तीन औषधांची खिचडी खुशाल शिजत असताना मात्र ती विचित्र वाटते. अखेर 2014 मध्ये सरकारने खिशाला हात घातला : ठरावीक संख्येपेक्षा जास्त मनोविकारविरोधी, निद्राकारक वा चिंतानाशक औषधे एकत्र लिहिल्यास डॉक्टरांचा मोबदला कापला जाऊ लागला.

नैराश्याच्या बाबतीत गाडी उलट दिशेने धावली. नव्या पिढीचे पहिले नैराश्यरोधक, फ्लुव्होक्सामिन, जपानमध्ये 1999 मध्ये आले आणि त्यासोबत ‘कोकोरो नो काझे’, म्हणजे मनाची सर्दी, हा शब्दप्रयोग जाहिरातींतून घरोघरी पोहोचला. डॉक्टरकडे जाण्याची लाज त्याने नक्कीच कमी केली. पण सर्दी चार दिवसांत आपोआप जाते. नैराश्यावरच्या गोळीचा गुण दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागते. ज्या देशात 1998 ते 2011 अशी सलग 14 वर्षे दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसांनी आत्महत्या केली, तिथे या आजाराला सर्दी म्हणणे हलकेपणाचेच होते. एका नावाने माणसे घाबरून दूर राहिली, तर दुसऱ्याने ती गाफील झाली.

‘छिन्नमनस्कता’ मराठीत अजून पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांत ठाण मांडून आहे. तिच्या जागी ताळमेळ सुटल्याचा अर्थ सांगणारा शब्द शोधण्याचे काम मराठी मानसोपचारतज्ज्ञांनी आणि कोशकारांनी एकत्र बसून हाती घ्यावे, आणि शब्द ठरवताना रुग्णांच्या घरच्यांना त्याच टेबलाशी खुर्ची द्यावी.